पहिल्या पंगतीचा मान

लोणावळ्याला जाऊन आलो म्हटलं की पुण्यात लोक आधी आपल्या हाताकडे बघतात, चिक्कीचा पुडा दिसतो का म्हणून. माझ्या हातात पुडा नव्हता. पँटीच्या गुडघ्यांना लाल माती होती, आणि उजव्या तळहातावर करवंटीच्या कडेचा एक लांब ओरखडा. बायकोनं दारातच विचारलं की तुम्ही तत्त्वज्ञानाच्या परिषदेला गेला होतात की विहीर खणायला. म्हटलं, दोन्हीच्या मधे कुठंतरी. ते मधलं काय, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आधी माझ्याबद्दल सांगून टाकतो. मी प्राध्यापक. सुरुवात गणितात केली, मग तत्त्वज्ञानात आलो, आणि गेली बारा वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे आहे: चार माणसांची मतं चार दिशांना असताना सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची, तर ती नेमकी कशी ठरवावी? तत्त्वज्ञानवाले म्हणतात हे गणित झालं. गणितवाले म्हणतात हे राजकारण झालं. राजकारणवाल्यांना वाटतं या माणसाला दुसरं काम नाही. आणि बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, निर्णयाचा एवढा अभ्यास करतात, पण मंडईत उभं राहून भेंडी घ्यायची की गवार हे यांना ठरवता येत नाही. खरं आहे ते. पण डॉक्टरही आजारी पडतातच की. आपलं काम आपल्याला उत्तम येतं याबद्दल मला तरी कधी शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर आजही नाही.

रविवार. मळवलीच्या अलीकडे

तो वैशाख होता. नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, तरी लोक अजून आण्यातच बोलत असत. लोणावळ्याला, तुंगार्लीत, तलावाजवळच्या एका बंगल्यात आमच्या विषयाच्या लोकांचं चार दिवसांचं चर्चासत्र होतं. माझा निबंध सोमवारी सकाळी अकराला. तो ऐकायला एक परदेशी प्राध्यापक येणार होते, आणि आमच्यातल्या एकाला वर्षभर त्यांच्या विद्यापीठात बोलावणार होते. तो एक म्हणजे मीच, असं मी धरून चाललो होतो.

पॅसेंजर तळेगावला थांबली आणि डब्यात विष्णू चढला. विष्णू माझा जुना विद्यार्थी, आता मावळात ग्रामसेवक. त्यानं मला बघितलं आणि पिशवी खाली टाकून माझे पायच धरले. वडगाव यायच्या आत त्याची सगळी कर्मकहाणी सांगून झाली. त्याच्या एका गावाला सरकारी विहीर मंजूर झाली होती. फक्त एक. ओव्हरसीअरनं येऊन पाणी लागेल अशा तीन जागांवर चुन्यानं खुणा केल्या होत्या आणि ठरवायचं काम गावावर सोडलं होतं. तीन सभा झाल्या, तिन्ही भांडणात मोडल्या. महिनाअखेर ठराव वडगावच्या कचेरीत पोचला नाही, तर विहीर दुसऱ्या गावाला जाणार होती. आज संध्याकाळी चौथी सभा होती.

"सर, तुम्ही हाच विषय शिकवायचात ना?" विष्णू म्हणाला.

आता, एखाद्या वैद्याला कुणी असं विचारलं तर तो काय करील? कामशेत गेलं, मळवली आलं, आणि मी उतरलो.

भाज्याची लेणी वाटेवरच होती, म्हणून ऊन उतरेपर्यंत तिथं सावलीला बसलो. विष्णूच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी होती, आणि वाटेत एका बाईनं पळसाच्या द्रोणात करवंदं दिली. भिक्खूंच्या दगडी खोल्या बघताना मला एकच वाटत राहिलं, की यातली वाऱ्याची खोली कुणाची आणि धुराची कुणाची हे त्यांनी कसं ठरवलं असेल? विष्णू म्हणाला, मोठ्या बुवानं सांगितलं असेल. त्याला मी बराच वेळ समजावलं की ती पद्धत शास्त्रात सर्वांत हलकी मानतात.

रविवार. पारावर

गावाचं नाव लिहीत नाही. विसापूरच्या अंगाला, भाज्याच्या पुढं, एवढं पुरे. गावाचे तीन तुकडे आहेत. खाली भातखाचरांना लागून मूळ गाव, शेतकऱ्यांचं. ओढ्यापलीकडे अर्ध्या चढावर मधली वाडी. आणि सगळ्यांत वर, कड्याखालच्या पठारावर ठाकरांची वरची वाडी. तिथली माणसं रोज खाली गावात मजुरीला उतरतात. घरं तिन्हीकडे जवळपास सारखी, त्यामुळे कुठलीही दोन एक झाली की तिसरी हरणार.

मारुतीच्या पारावर सरपंच बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायची सवय नाही. मला ते 'मास्तर' म्हणू लागले. मी प्राध्यापक आहे असं मी दोनदा सांगितलं, ते दोनदा "व्हय मास्तर" म्हणाले, मग मी नाद सोडला.

मी आधी तिघांची म्हणणी नीट ऐकून घेतली. खालच्या गावाला विहीर मारुतीमागं हवी, ते नाही तर मधल्या वाडीत. वर मुळीच नको, एवढं चढणार कोण? मधल्या वाडीला ती आपल्याकडे हवी, ते नाही तर वर, कारण रिकामा हंडा घेऊन चढायचं आणि भरलेला घेऊन उतरायचं. गावात विहीर झाली तर भरला हंडा घेऊन चढ. वरच्या वाडीला ती वर हवी, ते नाही तर गावात, कारण बाया मजुरीला गावात उतरतातच, परतताना पाणी नेतील; मधली वाडी ओढ्यापलीकडे, आडवाटेला. तिघांचीही कारणं शहाणी होती. आमच्या सोसायटीत जिन्याला रंग कुठला द्यायचा यावर जे बोललं जातं, त्यापेक्षा कितीतरी शहाणी.

मी पद्धत सांगितली. घरटी एक हात. एकदम तीन जागा विचारल्या की गोंधळ होतो, म्हणून आधी दोन जागा विचारायच्या; जिंकेल ती तिसरीशी लावायची. सगळ्यांना पटलं. आता सुरुवात कुठून, एवढंच राहिलं. मी बघितलं तर वरच्या वाडीची माणसं पाराच्या कडेला ताटकळत उभी होती. दिवस मावळायच्या आत त्यांना डोंगर चढायचा होता. आपल्याकडे लांबून आलेल्याला पहिल्या पंगतीला बसवतात. म्हटलं, लांबच्यांचं आधी घ्या. आबांनीही मान डोलावली. पाहुणचाराला गाव पक्कं होतं.

विहीर वर की मधल्या वाडीत? मधल्या वाडीचे हात वर झाले आणि त्यांच्याबरोबर खालच्या गावाचे. विष्णूनं 'वरची' वर काट मारली. मग मधल्या वाडीत की गावात? गावाचे हात वर झाले आणि त्यांच्याबरोबर वरच्या वाडीचे. विहीर गावात. तीन महिन्यांचं भांडण पाव तासात मिटलं. आबांनी नारळ फोडला, गुळाचा चहा आला, आणि मला कुणीतरी भगवी टोपीसुद्धा घातली. मी खूश होतो. लपवत नाही.

वरच्या वाडीच्या घोळक्यात एक उंच, वाळकी म्हातारी होती, ठकूमावशी. नवरा नाही, म्हणून तिच्या घराचा हात तिचाच. जाताना ती माझ्यापाशी थांबली.

"मास्तर, आमाला आदी बसवलंत," ती म्हणाली. "आमी आदी उठलो."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. भाताला मीठ कमी पडलं असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. मी हसून म्हटलं, अहो मावशी, पहिल्या पंगतीचा मान असतो. ती 'व्हय' म्हणाली आणि चढाला लागली.

सोमवार. तुंगार्ली

बंगला झकास होता. सकाळी तलावावर धुकं, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, आणि खानसाम्यानं आणलेली बिस्किटं. अकराला वाचायचं म्हणून मी निबंध काढला आणि एकदा नजर फिरवायला लागलो.

निबंधात तीन मित्र होते. एकाला मिसळ हवी, नाही तर इडली, नाही तर वडा. दुसऱ्याला इडली, नाही तर वडा. तिसऱ्याला वडा, नाही तर मिसळ. अशा वेळी मिसळ इडलीला हरवते, इडली वड्याला हरवते, आणि वडा पुन्हा मिसळीला हरवतो. गोल फिरत राहतं, खरा जिंकणारा कुणीच नसतो. आणि चौथ्या पानावर, माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं होतं: 'अशा वेळी जो पर्याय सर्वांत शेवटी आणला जातो तोच जिंकतो, म्हणजे निर्णय मतदार घेत नाहीत, प्रश्नांचा क्रम लावणारा घेतो.'

बिस्किट चहात पडलं.

मी पेन्सिल घेतली आणि कालचीच तीन नावं मांडून बघितली. आधी गाव आणि मधली वाडी विचारलं असतं आणि शेवटी वर, तर विहीर वर झाली असती. आधी गाव आणि वर विचारलं असतं, तर मधल्या वाडीत. तीच माणसं, तेच हात, तेवढ्याच घरांचे. फरक फक्त क्रमाचा, आणि तो क्रम माझ्या पाहुणचारानं लावला होता. मान द्यायला म्हणून मी ज्यांना पहिलं बसवलं, त्यांनाच बाहेर काढलं होतं. बारा वर्षं ज्या चुकीबद्दल मी जगाला सावध करतो आहे, ती चूक मी भर पारावर, टोपी घालून घेत केली होती. आणि ती एका म्हातारीनं जागच्या जागी ओळखली होती.

मला भयंकर लाज वाटली. राग तर त्याहून जास्त आला, स्वतःचाच. थोडा वेळ मी स्वतःशी वकिली करून बघितली: पद्धत सर्वांना मान्य होती, तक्रार कुणाची नाही, विहीर गावाला मिळतेच आहे. पण विष्णू दुपारच्या गाडीनं ठराव घेऊन वडगावला जाणार होता. एकदा कागद कचेरीत गेला की वरच्या वाडीची विहीर कायमची गेली. चिठ्ठी पाठवावी तर कुणाबरोबर? आणि अकराला माझा निबंध. तो मी वाचला असता, माझ्याच चुकीचा सिद्धान्त, सुंदर इंग्रजीत, आणि बहुधा परदेशी गेलो असतो.

भेंडी की गवार मला ठरवता येत नाही. हे मात्र स्टेशनाकडे चालायला लागल्यावरच लक्षात आलं की ठरलेलं आहे.

सोमवार. टाक्यावर

मळवलीपासून मी जवळजवळ पळतच गेलो. पुलाजवळ चप्पल तुटली, ती हातात घेतली. गावाभोवती राब भाजत होते. भाताची रोपं टाकायच्या आधी खाचरात पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, तो धूर सगळीकडे भरला होता. आबांच्या राबावर पाला पसरायला वरच्या वाडीच्याच बाया होत्या, आणि त्यांत ठकूमावशी. विष्णू पिशवी खांद्याला लावून निघायच्या बेतात होता.

मी त्याला थांबवलं, आबांना बोलावलं आणि बांधावर तीन दगड मांडले. क्रम फिरवला की उत्तर कसं फिरतं ते तीन वेळा करून दाखवलं. जमलेली माणसं बघत होती. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी हातचलाखी करतोय. मग आबांना उमगलं आणि त्यांचा चेहरा तापला.

"म्हंजी मास्तर, इहीर आमी न्हाई, तुमी ठरवलीत."

"हो आबा. मी ठरवली. नकळत, पण मीच."

मग मात्र त्यांनी मला बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. शिकलेल्या माणसानं आधी विचार करावा की नंतर, गावानं काय रोज हात वर करत बसायचं का, आणि नारळ फोडलेला ठराव मोडायचा म्हणजे देवापुढं तोंड कसं दाखवायचं. मी ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले, काय अडलंय वरच्यांचं? त्यांच्याकडं कातळातलं टाकं हाय. बारमास पाणी. गावाचे आड तर माघातच तळ दाखवत्यात.

ठकूमावशीनं हातातला पाला खाली ठेवला.

"आबा, येकदा वर चला," ती म्हणाली. "येक हंडा भरून द्या. मग बोला."

साऱ्या माणसांपुढं मजुरीवरच्या बाईनं असं म्हटल्यावर आबा मागं सरतील कसे? ते तसेच चढायला लागले, आणि मागोमाग विष्णू, मी आणि चार-पाच जण. आबांना दाखवून द्यायचं होतं की आपण खरं बोलतोय. चढ मोठा होता. पर्वतीला रोज जाणारे आम्ही पुणेकर स्वतःला चढाचे वस्ताद समजतो. अर्ध्यावर माझी जीभ टाळूला चिकटली.

टाकं होतं, पण त्यात ओल होती, पाणी नव्हतं. कातळाच्या भेगेतून झिरपून तळाच्या खळग्यात वाटीभर पाणी साठायचं. ते करवंटीनं हंड्यात ओतायचं आणि पुन्हा साठेपर्यंत थांबायचं. पाच बाया हंडे ओळीनं लावून बसल्या होत्या. आबांना बघून त्या उठल्या आणि आपले हंडे बाजूला केले. पाहुण्याचा हंडा आधी, म्हणाल्या.

आबा टाक्यात उतरून उकिडवे बसले. एक करवंटी ओतली. थांबले. दुसरी ओतली. थांबले. मीही उतरलो आणि आम्ही आळीपाळीनं भरायला लागलो. तेव्हाच हाताला तो ओरखडा आला. ऊन डोक्यावर आलं. तुंगार्लीला अकरा कधीच वाजून गेले होते, आणि मला त्याची आठवणही आली नाही हे मी आज खरं सांगतो. आमच्या शास्त्रात कुणाला काय जास्त आवडतं हे मोजतात. कुणाला किती वेळ बसावं लागतं, हे मोजायला जागाच ठेवलेली नाही. ही उणीव मला पुस्तकात माहीत होती. त्या दिवशी ती गुडघ्यांना कळली.

हंडा अर्धाही झाला नव्हता, तेव्हा आबांनी मान वर करून ओळीकडे बघितलं. आपण आत बसलोय म्हणून पाच जणी बाहेर थांबल्यात, हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसलं. ते उठले. हंड्यातलं सगळं पाणी त्यांनी ओळीतल्या पहिल्या बाईच्या हंड्यात ओतलं.

"रोज येवढा येळ?" त्यांनी ठकूमावशीला विचारलं.

"वैशाखात," ती म्हणाली. "आदी येवढा न्हाई लागत."

आबा तसेच खाली उतरले. पारापाशी आल्यावर विष्णूला म्हणाले, कागद ऱ्हाऊ दे. पुन्हा सभा घे. आमच्या खालच्या आळीचे हात कुटं जातील ते म्या बगतो. मी लगेच सांगितलं की तुम्ही एकट्यानं ठरवून चालणार नाही, सगळ्यांना विचारायला हवं. त्यावर ते म्हणाले, मास्तर, तुमी आता गप ऱ्हावा.

तुंगार्लीला मी चारला पोचलो. एक चप्पल हातात. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घालून चहानंतरची दहा मिनिटं दिली. निबंध मी उघडलाच नाही. तीन दगड टेबलावर ठेवून जे घडलं ते सांगितलं. परदेशी प्राध्यापकांनी विचारलं, मग यातून सिद्धान्त कुठला निघतो? म्हटलं, अजून निघालेला नाही, पण तो कुठं खणायचा ते कळलंय. वर्षभराचं बोलावणं दुसऱ्याला गेलं. वाईट वाटलं, दोन दिवस. मग लिहायला बसलो, तो अजून उठलेलो नाही, आणि बारा वर्षांत जमलं नव्हतं ते आता जमतंय.

पुढच्या आठवड्यात विष्णूचं कार्ड आलं: 'सर, तिन्ही क्रमांनी विचारलं. खालच्या गावानं आपले हात वरच्या वाडीला दिले. तिन्ही वेळा वरचीच निघाली. आबा म्हणाले, मास्तरला कळव, आता कुटनं बी मोजा.'

पुढच्या वैशाखात

विहिरीला पाणी लागलं तेव्हा वरच्या वाडीनं सगळ्या गावाला जेवायला बोलावलं, आणि मलाही. या खेपेस नव्या चपला घालून गेलो, बायकोलाही घेऊन गेलो. ती विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिली आणि काहीच बोलली नाही. आमच्या लग्नात असं फार वेळा झालेलं नाही. भात, हुलग्याचं कालवण आणि गुळाची लापशी असा बेत होता. झाडाखाली पत्रावळी मांडल्या गेल्या. पुण्याचा पाहुणा म्हणून मी आपसूक पहिल्या ओळीकडे निघालो. खालचं गाव, मधली वाडी बसत होती.

ठकूमावशीनं माझा दंड धरला.

"तुमी न्हाई, मास्तर. तुमी शेवटाला, आमच्यासंगं."

दोन पंगती उठल्या. बायकोही दुसऱ्या पंगतीला जेवून, पान खात, माझी मजा बघत बसली. पोटात कावळे ओरडायला लागले होते. तिसऱ्या पंगतीला वरची वाडी बसली आणि तिच्या टोकाला मी. वाढायला पातेलं घेऊन आबा आले, घामानं भिजलेले. पातेल्याचा तळ उलथन्यानं खरवडल्याचा आवाज आला. माझ्या पानात त्यांनी भाताचा ढीग घातला, मग वाकून पेल्यात नव्या विहिरीचं पाणी ओतलं.

"मास्तर, पुरलं का बगा," आबा म्हणाले.

मी पानाकडे बघितलं, मग ठकूमावशीच्या पानाकडे. म्हटलं, पुरलं आबा.